रेशीमकुळातील विषारी अळी

भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात, हे तुम्ही वाचले असेल. टसरच्या पतंगाचे कुल सॅटर्निइडी. याच कुलातील दक्षिण अमेरिकेचा एक पतंग मात्र रेशमासाठी नव्हे, तर विषासाठी ओळखला जातो. त्याचे नाव लोनोमिया ऑब्लिका. दक्षिण ब्राझील व त्याच्या लगतच्या प्रदेशात तो आढळतो.

मादी झाडाच्या पानांवर अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या रात्री पाने खातात आणि दिवसा खोडावर दाटीवाटीने विसावतात. वारंवार कात टाकून त्या सुमारे सहा सेंटिमीटर लांब होतात. मग खाली उतरून पालापाचोळ्यात त्यांची कोशावस्था पार पडते. रेशमी कोसला मात्र त्या विणत नाहीत! कोशातून बाहेर पडलेला पतंग काहीच खात नाही. अळीने साठविलेल्या अन्नावर तो थोडे दिवस जगतो आणि प्रजोत्पादन करून मरतो.

अळीचा तपकिरी-हिरवट रंग खोडाच्या सालीत बेमालूम मिसळतो. तिच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. नकळत हात टेकला, की काट्यांची टोके मोडतात आणि विष त्वचेत शिरते. हात अनेक अळ्यांवर एकदम पडत असल्याने विषाची मात्राही वाढते.

हे विष काय करते? जखम झाली, की रक्तातील प्रोथ्रॉम्बिनापासून थ्रॉम्बिन तयार होते. ते फायब्रिनोजेनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते आणि रक्त गोठते. लोनोमियाचे विष ही क्रिया जखम नसतानाच सुरू करते. त्यामुळे फायब्रिनोजेन संपून जाते. मग खरोखर गरज पडते, तेव्हा रक्त गोठतच नाही! हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवतो.

१९८९ नंतर दक्षिण ब्राझीलमध्ये असे रुग्ण वाढले. जंगले तुटल्याने या अळ्या घराजवळच्या फळझाडांवर येऊ लागल्या, हे त्याचे एक कारण मानले जाते. पुढे साओ पाउलोच्या बुटान्टान संस्थेने उपाय शोधला. काट्यांचा अर्क घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार करण्यात आले. ते वेळेवर मिळाल्यास रुग्ण वाचतो.

अळी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. आपलाच हात तिच्यावर पडतो. म्हणून तेथील शेतकऱ्यांना शिकवतात : खोडाला हात लावण्यापूर्वी नीट पाहा. अनोळखी केसाळ अळीच्या बाबतीत तुम्हीही हाच नियम पाळा.