ऊस वाहतूक : खेपेची घाई नको



गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. खेप वाढावी म्हणून ड्रायव्हर गाडी पळवतो. पण हिशेब पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला सुमारे ५.५ मीटर जातो, ४० ने ११ मीटर. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर मात्र चौपट होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मागचा सगळा ऊस ट्रॅक्टरलाच ढकलतो.

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडल खटक्याने जोडून घ्यावीत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. जोडाची पिन व साखळी दर खेपेला बघावी. मागचे लाल रिफ्लेक्टर वाढ्यांखाली झाकू देऊ नयेत. अंधारात उभा ट्रेलर मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही, आणि तो बहुधा आपल्याच गावचा असतो.

फडातून गाडी निघताना ड्रायव्हरला ‘लवकर ये’ म्हणू नका. ‘बेतानं जा, बाबा’ म्हणा.