घडवलेला भाग आतून कसा असतो?

आजचा विषय आहे निकेल मिश्रधातूंचे घडवलेले, म्हणजे फोर्जिंग करून केलेले भाग. जेट इंजिन, गॅस टर्बाइन, समुद्रातल्या तेलविहिरी अशा जागी साधं पोलाद टिकत नाही, तिथे हे भाग बसवतात. ‘भाग फोर्ज्ड आहे ना, मग काळजी नको,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हे कितपत खरं, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ इन्कोनेल ७१८ या मिश्रधातूचं. यात निम्म्याहून थोडं जास्त निकेल, सुमारे १९ टक्के क्रोमियम, ५ टक्क्यांच्या आसपास निओबियम, आणि बाकी बरंचसं लोखंड. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि धातू गंजत नाही. निओबियममुळे धातूच्या आत अतिशय बारीक कण तयार होतात, ते धातूला ताकद देतात. ही ताकद साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.

आता गंमत बघा. तापल्यावरही मऊ न पडणं हा वापरातला गुण, पण हातोड्याखाली तीच अडचण होते. पोलादाला घडवायला तापमानाची बरीच मोकळीक असते, इथे ती फार कमी. जास्त तापवलं तर धातूचे कण भराभर वाढून जाड होतात, थंड पडू दिलं तर तडे जातात. म्हणून डायसुद्धा तापवून घेतात, आणि पुन्हा पुन्हा भट्टीत घालत टप्प्याटप्प्याने घडवतात. शेवटी ७२० अंशांवर ८ तास, मग ६२० अंशांवर ८ तास अशी उष्णता-प्रक्रिया करतात. निओबियमचे ते बारीक कण याच वेळी तयार होतात.

इतकं सगळं करून काय मिळतं? ओतीव धातूतली जाडीभरडी रचना मोडते, बारीक पोकळ्या दाबून मिटतात, कण बारीक आणि एकसारखे होतात. वारंवार ताण येणाऱ्या भागाला हे फार उपयोगी. पण कणकेत खडा राहिला असेल तर ती कितीही मळा, खडा आतच राहतो. घडाईचंही तसंच आहे.

२८ ऑक्टोबर २०१६. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ धावपट्टीवर वेग घेत होतं. उजव्या इंजिनातली टर्बाइनची एक डिस्क फुटली आणि आग लागली. वैमानिकांनी उड्डाण थांबवलं, विमानातले सगळे, म्हणजे १७० जण, बाहेर पडले. डिस्कचा एक तुकडा जवळजवळ ९०० मीटर लांब उडाला आणि एका गोदामाचं छप्पर फोडून आत पडला.

ही डिस्क इन्कोनेल ७१८ची, घडवलेली. तिचं ठरलेलं आयुष्य होतं १५,००० उड्डाण-चक्रांचं, ती फुटली ११,००० च्या जवळ. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला, तेव्हा डिस्कच्या आत एक दोष सापडला. त्याला ‘डर्टी व्हाइट स्पॉट’ म्हणतात.

हा प्रकार होतो वितळवणीत. शुद्ध धातू मिळावा म्हणून इनगॉट निर्वात भट्टीत विद्युतज्योतीने पुन्हा वितळवतात. त्या वेळी भट्टीच्या कडेला किंवा वर जमलेला एखादा तुकडा वितळलेल्या धातूत पडतो आणि पुरता न विरघळता तसाच राहतो. तिथे निओबियम कमी असतं. आम्लाने कोरून पाहिलं की ती जागा पांढरी दिसते, म्हणून ‘व्हाइट स्पॉट’. सोबत ऑक्साइड-नायट्राइडची घाण आली तर तो ‘डर्टी’. डिस्कवर प्रत्येक उड्डाणाला ताण येतो आणि उतरतो, तडा अशा जागेपासून सुरू होऊन थोडा थोडा वाढत जातो.

मग तो आधी सापडला का नाही? अल्ट्रासोनिक तपासणीत ध्वनिलहर फट किंवा पोकळीवरून परत येते. डाग भोवतालच्या धातूला घट्ट चिकटलेला असेल, तर परत येण्यासारखं फारसं काही नसतंच. तपासाचा निष्कर्षही हाच होता: उत्पादनाच्या वेळच्या आणि नंतरच्या तपासण्यांत हा दोष कळण्यासारखा नव्हता. देखभालीच्या तपासण्यांचा भर पृष्ठभागावर होता, तडा आत वाढत होता. त्यामुळे असे भाग वापरात असतानाही आतून तपासावेत, अशी शिफारस मंडळाने केली.

तुमच्यापैकी कुणी खरेदीत असेल, कुणी देखभालीत. निकेलचा घडवलेला भाग हातात आला की तीन गोष्टी विचारा. धातू किती वेळा आणि कसा वितळवला? हीट नंबर कोणता, आणि त्याच हीटचे दुसरे भाग कुठे गेले? आतली तपासणी कधी झाली, पुन्हा कधी होणार? हीट नंबर तर जपाच. एका भागात दोष निघाला तर त्याची भावंडं शोधायला तोच उपयोगी पडतो.