रंध्याच्या पात्यांची भूमिती

दाराच्या फळीला रंधा मारणारा सुतार तुम्ही पाहिला असेलच. फळी जागच्या जागी राहते, रंधा पुढेमागे सरकतो. रंधायंत्रात याच्या नेमके उलट घडते. पाती एकाच जागी गरगर फिरतात आणि सुतार फळीच त्यांच्यावरून सरकवतो.

या यंत्राला दोन टेबले असतात. त्यांच्या मधल्या फटीत एक लोखंडी रूळ फिरतो. रुळाच्या खाचांत बहुधा तीन पाती पाचरी व स्क्रू यांनी आवळून बसवलेली असतात. पुढचे टेबल थोडे खाली असते. जेवढे ते खाली, तेवढी लाकडाची जाडी छिलली जाते. मागचे टेबल मात्र पात्याच्या सर्वांत वरच्या स्थितीशी समपातळीत हवे. का बरे? कारण छिललेली बाजू त्याच टेबलावर टेकते. पाते टेबलाहून उंच असेल, तर फळीचे शेवटचे टोक पुढच्या टेबलावरून सुटताच खाली बसते व तेथे खळगा पडतो. पाते खाली असेल, तर फळी मागच्या टेबलाच्या कडेला अडते किंवा तीवर चढते आणि तिची कड सरळ येत नाही.

शिवाय तिन्ही पाती एकाच उंचीवर हवीत. समजा, रूळ मिनिटाला ४,५०० फेरे घेतो. तीन पाती म्हणजे मिनिटाला १३,५०० काप. फळी मिनिटाला साडेचार मीटर, म्हणजे ४,५०० मिलिमीटर, सरकवली, तर प्रत्येक मिलिमीटरात तीन काप बसतात. पण एकच पाते उंच राहिले, तर ते एकटेच कापते आणि मिलिमीटरात एकच काप पडतो. लाटेची लांबी तिप्पट झाली की खोली नऊपट होते! फळीवर तिरपा उजेड पाडला, की अशा लाटा स्पष्ट दिसतात.

मग पाती जुळवायची कशी? पहिले काम म्हणजे यंत्राची वीज पूर्ण तोडणे. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून ठेवायचा. नंतर एक सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवायची, की तिचे टोक रुळावर येईल. टेबलाच्या कडेपाशी पट्टीवर खूण करायची आणि पुलीचा पट्टा धरून रूळ हाताने सावकाश फिरवायचा. पाते पट्टीला स्पर्श करते, तिला थोडी ओढत नेते आणि सोडून देते. ती किती सरकली ते मोजायचे.

समजा, ती ३ मि.मी. सरकली. पात्याची धार १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळात फिरते असे धरू. पट्टीची खालची बाजू या वर्तुळाची ३ मि.मी. लांबीची जीवा झाली. दोन जीवा एकमेकींना छेदतात, तेव्हा त्यांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे असतात, हे भूमितीत तुम्ही शिकता. येथे दुसरी जीवा म्हणजे उभा व्यास. १.५ × १.५ = २.२५, याला व्यासाच्या मोठ्या तुकड्याने, म्हणजे जवळजवळ १०० ने, भागले की उत्तर येते ०.०२२५ मि.मी. पाते टेबलाहून फक्त एवढेच उंच आहे! डोळ्यांना न दिसणारी ही उंची साध्या पट्टीने शंभरपटीहून मोठी करून दाखवली.

प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांशी पट्टी सारखीच सरकली, की पाती जुळली. स्क्रू आवळताना पाते किंचित हलते, म्हणून ते थोडेथोडे, आलटून पालटून आवळायचे आणि पुन्हा मोजायचे. एकही स्क्रू सैल राहता कामा नये; वेगात फिरणारे पाते निसटले तर जिवावर बेतते. हे काम शिकलेल्या कारागिराचेच. तुम्ही ते लांबून पाहा.

तोवर हे गणित सोडवा: एका पात्याने पट्टी ३ मि.मी. नेली, दुसऱ्याने ६ मि.मी. मग दुसऱ्याची टेबलावरची उंची पहिल्याच्या दुप्पट, की चौपट?