बोवी, डेव्हिड
(८ जानेवारी १९४७–१० जानेवारी २०१६). ब्रिटिश रॉक गायक, गीतकार व अभिनेता. मूळ नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. जन्म लंडनमधील ब्रिक्स्टन येथे. १९७२ मध्ये ‘झिगी स्टारडस्ट’ या कल्पित पात्राच्या रूपाने त्याला मोठी लोकप्रियता लाभली. तथापि ३ जुलै १९७३ रोजी लंडनमधील रंगमंचावरूनच त्याने त्या रूपाचा अनपेक्षितपणे निरोप घेतला. त्यामुळे चाहत्यांना धक्का बसला. पुढे सोल संगीत (यंग अमेरिकन्स, १९७५), ब्रायन ईनोच्या सहकार्याने केलेल्या इलेक्ट्रॉनिक रचना (लो, १९७७) व नृत्यसंगीत (लेट्‌स डान्स, १९८३) अशा भिन्न शैली त्याने हाताळल्या. निष्ठावंत श्रोत्यांनी परिवर्तन हेच त्याच्या कलेतील सातत्य मानले. जॅझचा प्रभाव असलेला ब्लॅकस्टार हा संग्रह प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांनी न्यूयॉर्क येथे तो कर्करोगाने निधन पावला. ब्रिक्स्टनमधील त्याच्या भित्तिचित्रापुढे चाहत्यांनी पुष्पांजली वाहिली.