बॅटरीची गाडी उंच करतांना

अकलूजच्या आसपास नीरेच्या पाण्यावर ऊंस पिकतो, आणि त्याच काळ्या जमिनींतील वाटांना पावसाळ्यांत खोल चाकोऱ्या पडतात. गोल्फच्या हिरवळीसाठीं बनविलेली बॅटरीची गाडी घरांतील वृद्धांना मळ्यापर्यंत नेण्यास सोयीची खरी. पण तिचें पोट मधल्या उंचवट्याला घासतें. मग ‘लिफ्ट किट’ बसविण्याचा विचार निघतो.

येथें एक गोष्ट बहुधा विसरली जाते. या संचानें सांगाडा वर जातो. मागला आंस दांतेचक्रांच्या पेटीसह होता तेथेंच राहतो. त्याला वर उचलतें तें मोठें चाकच. १८ इंचांऐवजीं २२ इंच व्यासाचें चाक घातलें, तर आंस २ इंचच चढतो. जुन्या बैलगाडीचें लांकडी चाक एवढें थोरलें असे, तें उगीच नव्हे!

मोठ्या चाकाची किंमत मोटार भरते. त्याच फेऱ्यांत वेग सुमारें २२ टक्क्यांनीं वाढतो, ओढ १८ टक्क्यांनीं घटते. चढावर मोटार तापते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्यानें वळणावर कलंडण्याचें भय वाढतें, आणि गाडींत बसणार तीं आजीआजोबा व नातवंडें. २२ इंची चाकासाठीं साधारणपणें ६ इंचांचा संच लागतो. तो घेणेंच झालें, तर पुढील चाकांमधील अंतर रुंदावणारा घ्यावा. आमच्या मतें ३ इंचांचा संच, २० इंची चाकें आणि चाकोरींत मुरूम, एवढें पुरे. पायरी मात्र उंच होते. आजीसाठीं खालीं आणखी एक जोडून घ्यावी.