जबलपूरची जया भादुरी

हिंदी चित्रपटाची नायिका म्हणजे रूपाची खाण, अंगावर झगमगीत वस्त्रे आणि ओठांवर गाणे, अशी समजूत 1970 च्या सुमारास निर्मात्यांत आणि प्रेक्षकांतही पक्की झालेली होती. त्या समजुतीला धक्का दिला तो एका बुटक्या, सावळ्या आणि दोन वेण्या घातलेल्या शाळकरी मुलीने. ‘गुड्डी’ (1971) या हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटातील ही मुलगी धर्मेंद्र या नटावर भाळलेली आहे, आणि पडद्यावरील नायक व पडद्यामागील माणूस यांतील अंतर तिला हळूहळू उमगत जाते. ती भूमिका करणाऱ्या जया भादुरी त्या वेळी तेवीस वर्षांच्या होत्या. परंतु प्रेक्षकांना ती शाळेतील मुलगीच वाटली.

जया भादुरी यांचा जन्म 9 एप्रिल 1948 रोजी जबलपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. जबलपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. वडील तरुणकुमार भादुरी हे पत्रकार. चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांवर त्यांनी लिहिलेले बंगाली पुस्तक पुष्कळ वाचले गेले. कन्येचे शालेय शिक्षण भोपाळला झाले. पंधराव्या वर्षी सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ (1963) या चित्रपटात तिला नायकाच्या धाकट्या बहिणीची भूमिका मिळाली. भूमिका लहानच, पण कॅमेऱ्यापुढे काही न करता नुसते असणे म्हणजे काय, याचा पहिला धडा एखाद्याला राय यांच्याकडे मिळावा, ही भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

दुसरा धडा पुण्यात मिळाला. प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात 1960 साली स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रोशन तनेजा अभिनय शिकवीत. न्यूयॉर्कला सॅनफर्ड माइसनर या नाट्यशिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. नटाने आपले वाक्य कसे म्हणावे यापेक्षा समोरच्याचे कसे ऐकावे, यावर माइसनर यांचा भर असे. अभिनय ही उपजत देणगी असून ती शिकवता येत नाही, असे मानणाऱ्या चित्रसृष्टीत अशा शाळेची थट्टा होणे साहजिक होते. (पुढे हा अभ्यासक्रम काही वर्षे बंदही पडला.) जया भादुरी तेथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या.

या शिक्षणाचा खरा कस लागला तो ‘कोशिश’ (1972) मध्ये. गुलजार यांच्या या चित्रपटातील पतिपत्नी दोघेही मूकबधिर आहेत. संवाद नाहीत, गाणे ओठांवर घेण्याची सोय नाही. जे काही सांगायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी. संजीवकुमार यांच्याकडे पाहताना जया भादुरी जणू डोळ्यांनीच ऐकतात. त्याच वर्षीचा बासू चॅटर्जी यांचा ‘पिया का घर’ मराठी वाचकांस परका वाटू नये, कारण राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (1970) या चित्रपटाचीच ती हिंदी आवृत्ती होय. चाळीतल्या खोलीत नव्या सुनेला एकांत मिळू नये, हे दुःख हसत हसत सांगावे तर ते असे.

1973 हे वर्ष निर्णायक ठरले. ‘जंजीर’ मध्ये चाकूसुऱ्यांना धार लावणारी मुलगी त्यांनी केली. चित्रपट मात्र नायकाचा होता, आणि अमिताभ बच्चन यांना त्याने एका रात्रीत वर नेले. 3 जूनला दोघांचा विवाह झाला. पुढच्याच महिन्यात ‘अभिमान’ पडद्यावर आला. गायिका पत्नी गायक पतीपेक्षा मोठी ठरते आणि संसार मोडकळीस येतो, अशी ती कथा. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘बॉबी’ मधील डिंपल कापडिया यांच्याबरोबर ते विभागून दिले गेले.

‘शोले’ (1975) मध्ये त्यांना बोलायला जवळजवळ काहीच नाही. होळीच्या एका प्रसंगात बडबड करणारी सून पुढे पांढऱ्या वस्त्रांत व्हरांड्यातले दिवे एकेक करून मालवते, आणि खाली बसलेला तरुण ते पाहत राहतो. तिन्हीसांजेचा तो नेमका उजेड रोज थोडाच वेळ मिळे, म्हणून एवढ्याशा दृश्यासाठी अनेक दिवस खर्ची पडले. दरोडेखोरांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या मुलीने दरोडेखोराने उद्ध्वस्त केलेल्या घरातील विधवा साकारावी, हा योगायोग मजेदार खराच.

तोवर घरात कन्या आली होती. 1976 मध्ये पुत्र झाला. चित्रपट कमी होत गेले. ‘सिलसिला’ (1981) नंतर प्रमुख भूमिका जवळजवळ थांबल्याच. पतीची कारकीर्द ऐन भरात असताना पत्नीने, तीही तेहतिसाव्या वर्षी, बाजूला व्हावे, याचे त्या काळी फारसे कोणास नवल वाटले नाही. आज मात्र ‘अभिमान’ पुन्हा पाहताना ते वाटल्यावाचून राहत नाही. मधल्या काळात ‘शहेनशाह’ (1988) ची कथा त्यांच्या नावावर आहे, आणि 1993 साली दूरदर्शनवर आलेली ‘देख भाई देख’ ही विनोदी मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची.

पडद्यावर त्या परतल्या ‘हजार चौरासी की माँ’ (1998) मध्ये. महाश्वेतादेवींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या या चित्रपटात नक्षलवादी चळवळीत मारल्या गेलेल्या मुलाचे प्रेत ओळखण्यास आई जाते. तिच्यापुढे आहे तो फक्त एक क्रमांक. मुलगा कोण होता, हे ती त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मित्रांकडून ऐकत जाते. सतरा वर्षांच्या खंडानंतरही ते ऐकणे तसेच होते. ‘फिजा’ (2000) मध्ये पुन्हा आईच. आणि ‘रॉकी और रानी की प्रेमकहानी’ (2023) मध्ये घराला धाकात ठेवणारी करडी आजी, जी कोणाचे काही ऐकूनच घेत नाही.