मुखड्यापुरते गाणे

परवा सायंकाळी जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेची आरती आटोपल्यावर दोन मुली मोबाइलपुढे एका मराठी गाण्यावर नाचताना दिसल्या. मुली हिंदीभाषी. शब्दांचा अर्थ कळतो का, असे विचारता एकीने हसून सांगितले, "साडी तेवढी कळते, अंकल!" गाणे होते 'गुलाबी साडी'. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाचे हे गाणे २०२४ साली निघाले आणि मराठी न जाणणाऱ्या मुलखातही पोचले. ते तेथे नेले कोणी?

गाणे श्रोत्यापर्यंत कोणी न्यावे, हा वाद जुनाच आहे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली 'विविध भारती' सुरू झाली. निवड चुकली असेल, परंतु निवडणारा माणूस होता. त्याला पत्र लिहिता येत असे, त्याच्याशी भांडता येत असे.

आज ही निवड यंत्रातील गणित करते. २०२० च्या जूनअखेर आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि इन्स्टाग्रामच्या 'रील्स' व यूट्यूबच्या 'शॉर्ट्स' यांनी ती जागा घेतली. आपण एखाद्या चित्रफितीवर किती क्षण थांबलो, ती पुन्हा पाहिली का, दुसऱ्यास धाडली का, याची नोंद होते आणि त्यावरून पुढची फीत समोर येते. शिवाय गाण्याचा तुकडा उचलून कोणीही त्यावर आपली फीत रचू शकतो. म्हणजे श्रोता हाच प्रचारक झाला. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या गायकालाही त्यामुळे दार उघडले, हा लाभ लहान नव्हे.

मात्र माध्यम आपले माप कलेवर लादल्याशिवाय राहत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. त्यासाठी मोठमोठ्या गवयांनी ख्याल आटोपता घेतला. आता माप काही सेकंदांवर आले आहे. आरंभीचे वाद्यसंगीत आखडते, लक्षात राहणारी ओळ पुढे येते, अंतरा मागे पडतो. कंपन्याही नव्या गाण्यावर फिती करण्यासाठी लोकप्रिय मंडळींना पैसे देतात. तेव्हा लोकांची आवड कोणती आणि विकत घेतलेली कोणती, हे सांगणे कठीण होते.

याहून गंभीर प्रश्न नावाचा आहे. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार व गायक यांची नावे सांगण्याचा प्रघात पडला. तुकड्याबरोबर ही नावे बहुधा येत नाहीत. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या रचनाकारांचा स्वामित्वधनावरील हक्क बळकट केला. परंतु गाण्यावर भलतेच नाव चिकटले, तर तो वाटा योग्य घरी पोचावा कसा?

१९५५-५६ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर चालले आणि लोक पुढच्या गीताची वाट पाहत राहिले. ते दिवस परत आणता येणार नाहीत. एवढे मात्र आपल्या हाती आहे: तुकडा आवडला, तर पूर्ण गाणे शोधावे, ते कोणी रचले हे पाहावे, आणि दुसऱ्यास ऐकवताना ते नाव सांगावे. घाटावरच्या त्या मुलींना मी तेवढेच सांगून आलो.